नाव म्यानावरचे, पाणी पात्यातले

प्रश्न: आम्ही सात-आठ जण दर हिवाळ्यात सह्याद्रीत मुक्कामी भटकंती करतो आणि पावसाळ्यातही एखाददुसरी फेरी होतेच. आजवर स्वयंपाकघरातली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत आलो. यंदा न दुमडणारी, म्हणजे फिक्स्ड ब्लेड प्रकारची एक चांगली सुरी घ्यायचे ठरवले आहे. एका ब्रँडची जाहिरात सतत समोर येते. किंमत साडेचार हजार, पाते सहा मिलिमीटर जाड, ‘जर्मन ४४० स्टील’, फुल टँग, आजीवन हमी आणि सोबत चकमक व होकायंत्र. गटातला एक मित्र म्हणतो की याहून पुष्कळ स्वस्त मिळणारी स्वीडनची साधी मोरा घे. माझे वडील संगमेश्वरकडचे. त्यांचे म्हणणे, गावच्या लोहाराकडून करून घे. ब्रँड चांगला की वाईट हे सुरी विकत घेण्याआधी आणि घेतल्यानंतर कसे ओळखावे?
— एक वाचक, भांडुप

नमस्कार.

सुरीची मूठ, म्यान, पात्यावरची झिलई आणि खोक्यावरचे डोंगराचे चित्र हे सगळे दुकानात दिसते. ज्या एका गोष्टीवर सुरीचा खरा कस ठरतो ती, म्हणजे पोलादाला पाणी कसे दिले आहे (तापवून, थंड करून त्याला कठीणपणा कसा आणला आहे) ती, मात्र कुठेच दिसत नाही. एकाच पोलादाची, एकाच आकाराची, शेजारी ठेवली तर जुळी वाटावीत अशी दोन पाती असतात आणि त्यांतले एक मोसमभर धार धरते, तर दुसरे पहिल्याच दोरखंडावर मुडपते. म्हणून ब्रँड पारखताना मी एक कसोटी मुख्य मानतो: न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल निर्माता किती नेमके बोलतो, आणि तो जे बोलतो ते त्याच्या प्रत्येक नगात सारखेच उतरते का. एखादा उत्तम नग कोणीही घडवू शकतो. हजारावा नग पहिल्यासारखाच निघणे हे कारखान्याचे कसब आहे, आणि ब्रँडच्या नावासाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते खरे तर याच कसबाचे. तुमच्या वाट्याला कोणता नग येईल हे तुमच्या हाती नसल्यामुळे ब्रँडची लायकी त्याच्या सर्वांत कमअस्सल नगावरून मोजलेली बरी.

या कसोटीवर तुम्ही कळवलेली जाहिरात आधी पाहू. (ब्रँडचे नाव मुद्दाम छापलेले नाही, नाव बदलले तरी अशा जाहिरातींचा मजकूर फारसा बदलत नाही.) ४४० हा क्रमांक अमेरिकी वर्गीकरणातला आहे आणि त्यात ४४०ए, ४४०बी व ४४०सी अशी तीन वेगवेगळी पोलादे येतात. गंजाला अटकाव करणारे क्रोमियम तिन्हींत १६ ते १८ टक्के असते. फरक कार्बनचा आहे. ४४०ए मध्ये तो ०.६० ते ०.७५ टक्के, तर ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के असतो. कार्बन जास्त असला की पाणी नीट दिल्यावर पाते अधिक कठीण होऊ शकते आणि धार अधिक काळ टिकू शकते. त्यामुळे ज्याने खरोखर ४४०सी वापरले आहे तो निर्माता ते शेवटचे अक्षर कधीही गाळणार नाही, उलट पात्यावर कोरून ठेवील. अक्षर गाळलेले दिसले की ते तिघांतले सर्वांत हलके पोलाद असावे, किंवा तेही नसावे, असे धरून चालावे. गंमत अशी की जर्मन कारखाने ४४०सी ला १.४१२५ या क्रमांकाने ओळखतात, ४४० म्हणून नव्हे. तेव्हा ‘जर्मन ४४०’ या शब्दांतून जर्मनीबद्दलही काही कळत नाही आणि पोलादाबद्दलही काही कळत नाही.

‘जर्मन स्टील’, ‘सर्जिकल स्टील’, ‘जपानी तंत्रज्ञान’ ही सगळी याच पठडीतली विशेषणे आहेत. त्यांच्या मागे कोणाचीही जबाबदारी नसते. याउलट जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचे नाव पाहा. त्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, आणि उत्पादनाचे मुख्य टप्पे त्या परिसरात पार पडलेले नसतील तर पात्यावर ते नाव घालता येत नाही. गावाचे नाव आणि देशाचे विशेषण यांत हा असा फरक असतो.

निर्मात्याने पोलादाचे पूर्ण नाव दिलेले असेल तर पुढचे काम तुलनेने सोपे आहे. स्वीडनमधले १२सी२७ हे सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असलेले स्टेनलेस पोलाद आहे. मोराच्या स्टेनलेस सुऱ्या त्यासाठीच ओळखल्या जातात. त्याच घराण्यातले १४सी२८एन थोडे नायट्रोजन मिसळून गंजाला आणखी दाद न देणारे केलेले आहे. चिनी नावांत सुरुवातीच्या आकड्यावरून कार्बनचा अंदाज येतो: ३सीआर१३ मध्ये सुमारे ०.३ टक्के, ५सीआर१५एमओव्ही मध्ये सुमारे ०.५, तर ८सीआर१३एमओव्ही मध्ये सुमारे ०.८ टक्के. ३सीआर१३ ची सुरी गंजत नाही, पण तिला धार धरवतही नाही. ते जेवणाच्या टेबलावरचे पोलाद आहे, रानातले नव्हे. ८सीआर१३एमओव्ही, किंमत रास्त असेल तर, अगदी कामाचे आहे. अमेरिकेतल्या रानवाटांच्या सुऱ्यांत फार लोकप्रिय असलेले १०९५ हे साधे कार्बन पोलाद. त्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असतो, क्रोमियम मात्र नसतेच.

आणि इथे मुंबईची हवा मध्ये येते. १०९५ च्या सुरीवर अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत लिहिलेले कौतुक भांडुपच्या जुलै महिन्याला लागू पडत नाही. खाडीवरून येणारा खारा वारा, चार महिने न सुकणारी हवा आणि बंद म्यानात अडकलेली ओल यांमुळे अशा पात्यावर एका रात्रीत चहाच्या डागांसारखे ठिपके उमटतात. निर्माते पात्यावर काळा लेप देतात, पण तो बाजूंवर असतो. धारेवर लेप राहू शकत नाही आणि गंज धरतो तो नेमका तिथे. लिंबू, कोकम किंवा कांदा चिरून न पुसता ठेवलेले कार्बन पोलाद काळवंडते हे तुमच्या वडिलांना गावच्या विळीवरून ठाऊक असेल. डी२ नावाचे पोलाद गंजत नाही, असा अनेकांचा गैरसमज असतो. त्यात क्रोमियम सुमारे १२ टक्के असते, स्टेनलेस म्हणवून घ्यायला लागणाऱ्या साडेदहा टक्क्यांपेक्षा जास्त; पण दीड टक्का कार्बन त्या क्रोमियमचा मोठा भाग स्वतःशी बांधून घेतो आणि गंजापासून राखण करायला उरते ते पुरत नाही. नाशिक-पुण्याच्या कोरड्या हवेत डी२ निभावून जाते, मुंबईच्या पावसाळ्यात त्याला रोज पुसावे लागते. यात ब्रँडचा दोष नाही, मात्र ‘स्टेनलेस’ असे छापून डी२ विकणाऱ्या ब्रँडचा निश्चित आहे.

पोलादाच्या नावापाशी थांबणे ही हौशी खरेदीदारांची सर्वांत मोठी चूक. पोलादाचे नाव म्हणजे भट्टीत जाण्यापूर्वीची स्थिती. सुरी घडते ती त्यानंतर. १०९५ सारखे साधे पोलाद सुमारे आठशे अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवले आणि मग दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढला की काम होते. स्टेनलेस पोलादाला त्याहून बरीच जास्त, हजार अंशांच्या वरची भट्टी लागते, ते तापमान नेमके राखावे लागते, आणि अनेक पोलादांना त्यानंतर शून्याखाली बराच खोल गारवा द्यावा लागतो. यातला एखादा टप्पा वीज वाचवण्यासाठी आखडता घेतला तर पात्यावर त्याची खूण राहत नाही. या संदर्भात अमेरिकेतल्या बक कंपनीचे उदाहरण फार बोलके आहे. ती कंपनी अनेक वर्षे ४२०एचसी हे जेमतेम ०.४५ टक्के कार्बनचे, कागदावर अगदी सामान्य दिसणारे पोलाद वापरत आली आहे; पण पॉल बॉस या तज्ज्ञाने बसवून दिलेल्या उष्णोपचारामुळे त्या पात्यांनी जाणकारांत नाव कमावले. त्याच ४२०एचसी च्या इतरांनी केलेल्या सुऱ्या तितक्या टिकत नाहीत. पोलादाच्या नावावरून ब्रँडची प्रतवारी लावणाऱ्यांना या एका उदाहरणाचे उत्तर देता येत नाही.

पाणी कसे दिले आहे हे कळण्याचा एकच छापील दुवा असतो, तो म्हणजे रॉकवेल ‘सी’ मोजपट्टीवरचा कठीणपणाचा आकडा. भटकंतीच्या सुरीसाठी तो साधारण ५६ ते ५९ च्या दरम्यान असावा. त्याखाली धार मुडपते. फार वर गेला तर आडव्या जोराने टवका उडतो, आणि रानात दगडावर धार लावणे जिकिरीचे होते. बक आपल्या ४२०एचसी साठी ५८ सांगते. अमेरिकेतली ईसी (ESEE) कंपनी आपले १०९५ मुद्दाम ५५ ते ५७ इतके मवाळ ठेवते, कारण तिला तुटण्यापेक्षा वाकणे परवडते, आणि हे ती उघडपणे सांगते. निर्माता असा दोन आकड्यांमधला पल्ला देतो तेव्हा तो प्रत्यक्ष मोजमाप करत असण्याची शक्यता जास्त असते. ‘६० हून अधिक’ असा गोल आकडा, तोही निव्वळ ‘४४०’ वर, दिसला तर तो मजकूर जाहिरात लिहिणाऱ्याचा आहे, भट्टीवर काम करणाऱ्याचा नाही.

आता ब्रँडच्या देशाविषयी. ब्रँड एका देशाचा आणि कारखाना दुसऱ्या देशात, यात लपवण्यासारखे काही नसते. फालक्निव्हेन ही उत्तर स्वीडनमधली कंपनी. तिची एफ१ ही सुरी १९९५ पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांना दिली जाते, आणि पाती बनतात जपानमधल्या सेकी गावी. कंपनी हे लपवत नाही, आणि त्या सुरीच्या दर्जाबद्दल कोणी शंका घेत नाही. चीनमधल्या यांगजियांग शहरातही उत्तम सुऱ्या बनतात आणि भिकारही बनतात. कारखाना तोच असला तरी मागवणारा किती पैसे मोजतो आणि किती नग परत पाठवतो यावर माल ठरतो. शंका घ्यायची ती कारखान्याचा पत्ताच न सांगणाऱ्या ब्रँडवर. एक सोपी तपासणी करून पाहा: जाहिरातीतल्या सुरीचे चित्र मोबाइलवरून शोधा. हीच सुरी, हीच मूठ, हेच होकायंत्र चार निरनिराळ्या नावांनी विकले जात असेल, तर तुमच्यासमोर असलेला ब्रँड हा निर्माता नसून फक्त शिक्का मारणारा व्यापारी आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच नावाखाली दुसऱ्याच कारखान्याचा माल येणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

दुसरी तपासणी खोक्यावर होते. आपल्याकडे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आयात केलेल्या बंद वेष्टनातल्या वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या सुरीच्या खोक्यावर आयातदाराची ही चिठ्ठी नसेल तर ती एक तर कोणाच्या तरी सामानातून आलेली आहे किंवा परदेशी नाहीच. नागदेवी स्ट्रीटच्या दुकानात घ्या किंवा घरबसल्या मागवा, खोके फोडण्यापूर्वी या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

हमीबद्दल तुम्ही स्वतंत्र विचारलेले नाही, पण जाहिरातीतला हा शब्द तुमच्यावर परिणाम करून गेलेला दिसतो. ईसीसारख्या काही कंपन्यांची हमी खरोखर बिनशर्त आणि सुरीबरोबर पुढच्या मालकाकडे जाणारी आहे. पण परदेशी हमीची मुंबईतली किंमत तुमच्या आयातदाराएवढीच असते. त्याने मोडलेली सुरी बदलून दिली तर हमी आहे. ‘कंपनीला लिहा’ म्हणाला तर सुरी परत पाठवण्याचा खर्च आणि खटपट पाहता ती नाही. तेव्हा विकत घेण्याआधीच त्याला लेखी विचारा की मोडलेले पाते तुम्ही इथे बदलून देता का. त्याच्या उत्तरापेक्षा उत्तर देण्याच्या पद्धतीवरून बरेच कळते. इथल्या शिक्कामारू ब्रँडच्या ‘आजीवन’ हमीत आयुष्य कोणाचे मोजायचे, तुमचे की ब्रँडचे, हाही प्रश्नच आहे.

सहा मिलिमीटर जाडीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण जाड पाते म्हणजे दणकट सुरी आणि दणकट सुरी म्हणजे चांगली सुरी, असा समज फार पसरलेला आहे. सुरी कापते ती धारेमागच्या पातळपणाने. सहा मिलिमीटरचे पाते दहा-अकरा सेंटिमीटर लांबीच्या सुरीवर चढवले की धारेचा उतार इतका उभा होतो की कांदा चिरला न जाता फुटतो आणि काटकी सोलता सोलता पाते आत रुतून बसते. अशी सुरी लाकडे फोडण्यासाठी असते असे सांगतात. पण सह्याद्रीत तुम्ही ओंडके फोडणार आहात का? तुमची कामे पाहा: पिठल्यासाठी कांदा-मिरची, तंबूची दोरी, चुलीसाठी वाळलेल्या काटक्यांच्या ढलप्या, कधी पिशवी नाहीतर पट्टा कापणे. यासाठी अडीच ते साडेतीन मिलिमीटर पुरेसे आहे, आणि जो ब्रँड आपल्या सर्व सुऱ्या जाडच बनवतो तो वापरणाऱ्यापेक्षा छायाचित्राचा अधिक विचार करतो, असे माझे मत आहे. होकायंत्र, चकमक, मुठीतल्या पोकळीत गळ आणि दोरा या भेटवस्तूंबद्दल वेगळे लिहायला नको. मुठीतली पोकळी ही तर सरळ सरळ उणीव आहे, कारण त्यासाठी पात्याचा मुठीत शिरणारा भाग आखूड करावा लागतो.

तो भाग मुठीच्या टोकापर्यंत, तिच्या पूर्ण रुंदीने गेलेला असला की त्याला फुल टँग म्हणतात. जोराच्या कामासाठी ते चांगले, यात वाद नाही. परंतु फिनलंडची पारंपरिक पुक्को सुरी पिढ्यान्‌पिढ्या मुठीत शिरणाऱ्या बारीक शेपटीवर काम करत आली आहे, आणि मोराच्या कंपॅनियन या सर्वांत खपणाऱ्या सुरीचे पोलादही मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. त्याच कंपनीच्या गारबर्गमध्ये ते जाते आणि किंमतही त्यानुसार वाढते. बोटाएवढ्या रुंद शेपटीला चांगले पाणी दिले असेल तर ती नित्याच्या कामात तुटत नाही. निकृष्ट पोलादाची फुल टँग मात्र मुठीच्या तोंडापाशी, जिथे धार संपते आणि काटकोनात खाच असते, तिथेच तडकते. ती खाच तीक्ष्ण कोपऱ्याची आहे की गोलाईने काढलेली, हे जरूर पाहा. ज्याने कोपरा गोल केला आहे त्याने सुरी कुठे मोडते याचा विचार केलेला असतो.

सुरी घरी आली की ती परत करण्याची मुदत संपेपर्यंत तिला लाकडावर मारू नका. आधी डोळ्यांनी तपासा. धार दिव्याकडे करून पाठीकडून टोकाकडे पाहा: पाते सरळ रेषेत असावे, दोन्ही बाजूंचे उतार सारख्या उंचीवर संपावेत, आणि धारेवर कुठेही चकाकणारी रेघ किंवा ठिपका दिसू नये, कारण चांगली धार प्रकाश परत पाठवत नाही, चमकते तिथे ती बोथट असते. मूठ आणि पोलाद यांच्या सांध्यात नख शिरते का ते पाहा, शिरत असेल तर पाणीही शिरेल. मूठ उलटसुलट घट्ट धरून काही मिनिटे एखादी काठी सोलण्याचा आव आणा. कुठे टोचते ते लगेच कळते. काही मऊ रबरी मुठी दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतात हेही लक्षात असू द्या. म्यानात घातलेली सुरी उलटी धरून हलवली तर ती पडता कामा नये, आणि म्यानाच्या तळाशी पाणी निथळायला भोक हवे. चामड्याचे म्यान देखणे असते, पण मुंबईत ते ओल आणि बुरशी दोन्ही धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकचेच बरे. ‘दमास्कस’ म्हणून नक्षीदार पाते मिळाले असेल तर ती नक्षी पाठीवरही चालू आहे का ते पाहावे. फक्त बाजूंवर असेल तर ती वरून उमटवलेली आहे.

हे सर्व पार पडले की पाणी तपासण्याची एक जुनी कारागिरी चाचणी आहे. पेन्सिलीएवढी जाड पितळी सळई शिकंजात आडवी घट्ट बसवा, धार तिच्यावर साधारण १५ ते २० अंशांच्या कलाने टेकवा आणि हलका दाब देत पाते सरकवा, इतकाच दाब की धार किंचित वाकलेली दिसेल. दाब काढताच धार पूर्ववत सरळ झाली तर पाणी नीट दिले आहे. वाकलेलीच राहिली तर पाते मऊ आहे. टवका उडाला तर ते ठिसूळ आहे. धारेच्या दोन-तीन ठिकाणी हे करावे, कारण पाणी असमान दिले असेल तर ते इथेच उघड होते. हात जपून, पात्याची धार अंगापासून दूर ठेवून करावे हे सांगणे न लगे.

आणि एक खबरदारी. कारखान्यातून आलेली पहिली धार पाहून ब्रँडबद्दल मत बनवू नका, चांगलेही नको आणि वाईटही नको. वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर धार काढताना तिची अगदी टोकाची कड कधी कधी भाजते आणि तेवढ्याच भागाचे पाणी उतरते. घरी दगडावर दोन-तीनदा धार लावली की तो भाग निघून जातो आणि खाली खरे पोलाद लागते. धार लावतानाही पोलाद बोलते: चांगल्या पोलादावर दुसऱ्या बाजूला येणारी बारीक खरखर दोन-चार हलक्या हातांनी निघून जाते, मऊ पोलादावर ती तारेसारखी लोंबत राहते, इकडून काढली की तिकडे वळते. माझ्या मते घरगुती चाचण्यांत याहून खात्रीची चाचणी नाही.

आता हजाराव्या नगाचा मुद्दा. एक सुरी तपासून तुम्हाला एका सुरीबद्दल कळते. ब्रँडबद्दल कळायला अनेक नग लागतात, आणि तिथे तुमच्या गटाचा आणि ओळखीच्या इतर भटक्यांचा उपयोग होईल. ‘सुरी कशी आहे’ असे विचारू नका, कारण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सुरीला कोणी वाईट म्हणत नाही. पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या का, म्यान सैल होते का, पहिल्यांदा धार कधी लावावी लागली, असे विचारा. ग्राहकांचे अभिप्राय वाचायचे तर कौतुकाचे सोडून तक्रारींचे वाचा, आणि त्यांतही तक्रारी एकाच जातीच्या आहेत का ते पाहा. दहा जणांचे म्यान सैल असेल तर ती रचनेतली चूक आहे आणि पुढच्या खेपेत सुधारता येते. एकाचे पाते मऊ, दुसऱ्याचे तडकलेले, तिसऱ्याचे वाकडे, असे असेल तर कारखान्यात कोणी तपासत नाही. दुसऱ्या प्रकारच्या ब्रँडपासून दूर राहावे, मग तुमच्या ओळखीच्या माणसाला त्याचा कितीही चांगला नग लाभलेला असो.

तुमच्या वडिलांचा सल्ला मी हसण्यावारी नेणार नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून कोयता घडवणारा कोकणातला लोहार त्या पोलादाला ओळखतो. रंगावरून ताव जोखण्याची नजर त्याच्याकडे असते आणि त्या पोलादाची भट्टीची गरज त्याच्या भात्याला झेपते. नारळ, बांबू, झापे यांसाठी त्याचा कोयता कोणत्याही परदेशी सुरीला हार जाणार नाही, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस समोर बसलेला असतो, ही हमी कुठल्याच ब्रँडकडे नाही. मात्र स्टेनलेसची उंच आणि नेमकी भट्टी त्याच्याकडे नसते, त्यामुळे तो देईल ती सुरी गंजणारीच असेल. आणि पातळ, बारीक कामाची सुरी हे त्याचे रोजचे काम नव्हे. वडिलांना गावच्या परसासाठी कोयता जरूर करून घेऊ द्या. भटकंतीच्या पिशवीत तो नको.

तेव्हा साडेचार हजारांची ती सुरी घेऊ नये, आणि तुमच्या मित्राचे म्हणणे या वेळी बरोबर आहे. मोरा कंपॅनियन घ्या, पण एकाच नावाने ती कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत येते, त्यातली स्टेनलेस मागा. तिने काही उचकटू नका, दगड तर मुळीच नाही. घरी आल्यावर धुऊन, पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ती म्यानाबाहेर ठेवा. पुढे जोराची कामे वाढली तर गारबर्ग किंवा फालक्निव्हेनचा विचार करता येईल. आज त्यांची गरज दिसत नाही.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, तो टाळून चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वगळता, शस्त्रांत धरल्या आहेत. दहा सेंटिमीटरची सुरी त्या मापाच्या बरीच आत राहते. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी जमावबंदीबरोबर सुरे आणि काठ्या बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात, म्हणून निघण्याआधी ते पाहून घ्या, आणि लोकलमध्ये सुरी कमरेला न लावता म्यानासकट सामानाच्या तळाशी, भांड्यांबरोबर ठेवा. अभयारण्यांचा नियम याहून कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणून सुऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरता येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, भीमाशंकर आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर या सर्वांना तो लागू आहे. तिकडे जायचे असेल त्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारणा करा. परवानगी नसेल तर सुरी घरी ठेवा आणि पिठल्याचा कांदा भांडुपलाच चिरून डब्यात भरून न्या.